आगबोटीवरचे छोटे फाटक : चोरपावलांचा इतिहास

आजच्या मोठ्या क्रूझ जहाजांवर एक दार असते. ते लाकडी, काचेचे किंवा लिफ्टचेही असेल. पण कार्ड टेकवल्याशिवाय ते उघडत नाही. त्यापलीकडे वेगळा तरणतलाव, वेगळे भोजनगृह, वेगळे लाउंज, बटलर आणि समुद्राचा सर्वांत मोकळा देखावा असतो. दारापलीकडच्या उतारूने अलीकडच्या उतारूपेक्षा कितीतरी पट भाडे मोजलेले असते. आणि जवळजवळ प्रत्येक सफरीत कोणीतरी या दारातून चोरून आत शिरते. कार्ड असलेल्या कुटुंबाच्या मागोमाग कोणी सहज चालत जातो, तर कोणी आत उतरलेल्या मित्राचे कार्ड मागून घेतो. कोणी लिफ्टमध्ये नुसताच उभा राहतो आणि दुसऱ्याने मजल्याचे बटण दाबण्याची वाट पाहतो.

या घुसखोरांबद्दल दोन मते ऐकू येतात. पैसे मोजलेल्यांच्या मते हे फुकटे आहेत आणि त्यांना पुढच्या बंदरावर उतरवावे. दुसऱ्या बाजूला एक कौतुकाचा सूरही असतो : श्रीमंतांच्या कुंपणावरून उडी मारली तर बिघडले काय? दोन्ही मते घाईची आहेत. कारण जहाजावरच्या या दाराला दीडशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्या इतिहासात एक गोष्ट फार क्वचित बदललेली दिसते. खालून वर जाणाऱ्याला घुसखोर म्हणतात. वरून खाली येणाऱ्याला पाहुणा म्हणतात.

१८७९ पासून सुरुवात करू. ऑगस्ट महिन्यात रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन हा तेव्हा फारसा प्रसिद्ध नसलेला स्कॉटिश लेखक ‘डेव्होनिया’ या आगबोटीने न्यूयॉर्कला निघाला. ‘ट्रेझर आयलंड’ अजून लिहायचे होते. त्याने तिकीट ‘सेकंड केबिन’चे काढले, कारण त्याला लिहायला एक टेबल हवे होते. स्टिअरेजचे, म्हणजे सर्वांत खालच्या वर्गाचे, भाडे सहा गिनी होते आणि याचे आठ. दोन गिनींत टेबल मिळाले, थोडे बरे जेवण मिळाले, आणि आणखी एक चमत्कारिक वस्तू मिळाली : दर्जा. त्याच्या या प्रवासवर्णनात (‘द अॅमॅच्युअर एमिग्रंट’) हा भेद त्याने मिश्किलपणे टिपला आहे. त्याची केबिन स्टिअरेजच्या मधोमध, पातळ भिंतीआड होती आणि शेजारच्यांचे सारे आवाज तिथवर येत. तरीही पितळी पाटीच्या या बाजूला माणसे ‘लेडीज आणि जंटलमेन’ होती, तर त्या बाजूला केवळ ‘नर आणि मादी’.

त्याच पुस्तकात एक लहानसा प्रसंग आहे, आणि या विषयावर त्याहून बोलका प्रसंग शोधूनही सापडणार नाही. एके दिवशी वरच्या वर्गातले एक गृहस्थ दोन तरुणींना घेऊन स्टिअरेज ‘पाहायला’ खाली उतरले. गर्दीतून वाट काढत, कृपादृष्टीने हसत, चहूकडे कुतूहलाने पाहत ते फिरले आणि परत वर गेले. त्यांनी कोणाचा अपमान केला नाही, कोणाला बोलले नाहीत. तरी त्यांचे नुसते तिथे असणे स्टिअरेजमधल्या माणसांना झोंबले. सभ्य घरात जन्मलेल्या आणि दोन गिनींच्या जोरावर जंटलमन ठरलेल्या स्टीव्हन्सनलाही त्या नजरेखाली आपण कोणीतरी खालचे प्राणी आहोत असे वाटून गेले. हा संचार उलट्या दिशेने झाला असता, स्टिअरेजमधला एखादा सुतार दोन बहिणींना घेऊन सलून पाहायला वर चढला असता, तर त्याला तिथून घालवण्यासाठी किती मिनिटे लागली असती, हे सांगायला इतिहासकार नको.

वरून खाली पाहण्याच्या याच सवयीतून कलेलाही काही मिळाले, हे मान्य करावे लागते. १९०७ मध्ये छायाचित्रकार आल्फ्रेड स्टीग्लिट्झ कुटुंबासह ‘कैसर विल्हेल्म द्वितीय’ या जहाजाच्या पहिल्या वर्गातून युरोपकडे चालला होता. तिथल्या श्रीमंती वातावरणाला कंटाळून तो डेकच्या टोकाशी गेला, तेव्हा खाली त्याला स्टिअरेज दिसले : शिडी, पांढरा पूल, शाली पांघरलेल्या स्त्रिया, गोल स्ट्रॉ हॅट घातलेला माणूस. धावत केबिनमध्ये जाऊन त्याने कॅमेरा आणला. ‘द स्टिअरेज’ हे ते छायाचित्र पुढे आधुनिक छायाचित्रणाचा मैलाचा दगड मानले गेले. अनेक जण ते अमेरिकेत येणाऱ्या स्थलांतरितांचे चित्र समजतात. जहाज मात्र उलट्या दिशेने, अमेरिकेहून युरोपकडे चालले होते. ही माणसे परतत होती. आणि स्टीग्लिट्झने ती टिपली वरून.

वर्गांमधले हे फाटक केवळ श्रीमंतांच्या नाजूकपणामुळे उभे राहिले, असे म्हणणे मात्र अर्धे सत्य ठरेल. त्यामागे सरकारही होते. १ जानेवारी १८९२ रोजी न्यूयॉर्क बंदरात एलिस बेटावरचे तपासणी केंद्र सुरू झाले. पहिल्या आणि दुसऱ्या वर्गाच्या उतारूंची तपासणी जहाजावरच, बहुतेक वेळा वरवर होई आणि ते थेट धक्क्यावर उतरत. स्टिअरेजचे उतारू मात्र होडीत भरून बेटावर नेले जात. तिथे डॉक्टर त्यांचे डोळे, त्वचा, चालणे तपासत आणि संशयितांच्या कोटावर खडूने खुणा करत. एकाच जहाजातून, एकाच वाऱ्यात आलेल्या दोन माणसांपैकी एकाला रोग असू शकतो आणि दुसऱ्याला नाही, हे तिकिटाच्या रंगावरून ठरत होते. साहजिकच ज्यांना तपासणीत अडकण्याची भीती होती आणि ज्यांच्या गाठीला थोडे अधिक पैसे होते, ते दुसऱ्या वर्गाचे तिकीट काढत. ही कुंपण ओलांडण्याचीच एक रीत होती. फक्त तिची पावती मिळत असे.

आता ‘टायटॅनिक’. हा विषय निघाला की मनात चित्रपटातले दृश्य येते : जमिनीपासून छतापर्यंतची लोखंडी जाळी, पलीकडे आक्रोश करणारे उतारू, अलीकडे किल्ली घेऊन थिजलेला स्टुअर्ड. उतारूंच्या भागात अशा छतापर्यंतच्या कुलूपबंद जाळ्या होत्या याला पुरावा मिळत नाही. होती ती उघड्या डेकवरची कमरेएवढी फाटके आणि आतल्या मार्गांवरची दारे. म्हणून हुश्श म्हणण्याचे मात्र कारण नाही. खरी व्यवस्था जाळीपेक्षा अधिक परिणामकारक होती.

ती अशी. सर्व जीवनरक्षक होड्या सर्वांत वरच्या ‘बोट डेक’वर होत्या, आणि तो डेक पहिल्या वर्गाचा, दुसऱ्या वर्गाचा व अधिकाऱ्यांचा होता. तिसऱ्या वर्गाला वावरायला मिळाले होते ते मुख्यतः जहाजाच्या मागच्या टोकाचे उघडे भाग. तिथून होड्यांकडे जाणारा सरळ जिना त्यांच्यासाठी नव्हताच. वाट वरच्या वर्गांच्या दालनांतून जात होती. म्हणजेच जिथे पाऊल ठेवायला मनाई होती तिथून. १० एप्रिल १९१२ रोजी जहाज साउथॅम्प्टनहून निघाले आणि १४ तारखेच्या रात्री हिमनगावर आदळले. त्या चार-पाच दिवसांत ज्याने नियम निमूटपणे पाळला, त्याला वाचण्याची वाट ठाऊक असण्याचे काही कारण नव्हते. त्यात अनेकांना इंग्रजी येत नव्हते; फलक वाचता येत नव्हते; आणि तुम्ही इथे यायचे नाही, एवढाच धडा त्यांना आधीपासून पाठ होता.

डॅनियल बकली या तिसऱ्या वर्गातून वाचलेल्या आयरिश तरुणाने अमेरिकन सिनेटच्या चौकशीपुढे दिलेली साक्ष आजही वाचण्यासारखी आहे. पहिल्या वर्गाच्या डेककडे जाणाऱ्या पायऱ्यांच्या माथ्यावर एक छोटे फाटक होते. तिसऱ्या वर्गाचा एक उतारू त्यातून वर जाऊ लागला, तेव्हा जहाजावरच्या कोणीतरी त्याला खाली ढकलून दिले आणि आधी उघडे असलेले फाटक कुलूप लावून बंद केले. ढकलला गेलेला माणूस संतापला. त्याने कुलूप तोडले आणि ढकलणाऱ्याच्या शोधात धावला; सापडला तर त्याला समुद्रात फेकीन, असे तो म्हणत होता. जहाज बुडत होते, खाली पाणी चढत होते, आणि त्या क्षणीही कोणाला तरी फाटक राखणे हे आपले काम वाटत होते. यात राक्षसीपणा शोधू नये. अधिक भयंकर गोष्ट आहे ती सवय.

याच्याच शेजारी दुसरे नाव ठेवले पाहिजे : जॉन हार्ट, तिसऱ्या वर्गाचा स्टुअर्ड. त्याने आपल्या भागातल्या बायका-मुलांना गोळा केले आणि त्यांचा जथा दुसऱ्या वर्गाच्या वाचनालयाजवळून, पहिल्या वर्गाच्या भागातून, मुख्य जिन्याने बोट डेकपर्यंत नेला. काही जणी तिथली थंडी पाहून परत उबेला गेल्या. हार्ट पुन्हा खाली उतरला आणि दुसरा जथा घेऊन आला. त्या रात्री त्याने केले ते काम नेमके तेच होते, ज्यासाठी एरवी एखाद्या उतारूला हाताला धरून परत पाठवले गेले असते.

ब्रिटिश चौकशीच्या अहवालातले आकडे कोरडे आहेत. पहिल्या वर्गातील ३२५ पैकी २०३ वाचले. दुसऱ्यातील २८५ पैकी ११८. तिसऱ्यातील ७०६ पैकी १७८. लॉर्ड मर्सी यांनी तिसऱ्या वर्गाला अन्यायाने वागवले गेले नाही असा निष्कर्ष काढला. तिसऱ्या वर्गाच्या वतीने उभ्या असलेल्या वकिलानेही, त्यांना मुद्दाम रोखल्याचा पुरावा नसल्याचे म्हटले. एवढेच की, त्या चौकशीत तिसऱ्या वर्गाच्या एकाही उतारूची साक्ष झाली नाही. ते सभागृहही बहुधा वरच्याच डेकवर असावे.

पहिल्या महायुद्धानंतर चित्र झपाट्याने पालटले. १९२१ आणि १९२४ च्या अमेरिकन कायद्यांनी स्थलांतरितांची संख्या कोट्यात बांधली. स्टिअरेज रिकामे पडले. कंपन्यांनी त्याच जागेला रंग दिला, गाद्या टाकल्या, ‘टूरिस्ट थर्ड’ असे नाव दिले आणि ती विद्यार्थी, शिक्षक, कलावंत अशा हौशी प्रवाशांना विकली. आता खालच्या वर्गात सुशिक्षित, चांगला कोट घातलेली माणसे आली आणि फाटकापलीकडे डोकावणे हा खेळ झाला. वर नाच असेल तर खालची तरुण मंडळी तिथे पोचत. वर कंटाळा असेल तर वरची खाली येत. चित्रपटांनीही हा खेळ उचलला. मार्क्स बंधूंच्या १९३१ च्या ‘मंकी बिझनेस’मध्ये चौघे भाऊ पिंपांत लपून प्रवास करतात. १९३५ च्या ‘अ नाइट अॅट द ऑपेरा’मध्ये लपून आलेले तिघे पोटभर जेवतात ते खालच्या वर्गातल्या स्थलांतरितांच्या पंगतीत. आज घुसखोराकडे कौतुकाने पाहणारी जी नजर आहे, तिचे मूळ या काळात आहे. घुसणारा आपल्यासारखा दिसू लागला की घुसखोरी विनोदी वाटू लागते.

मग १९५८ मध्ये जेट विमाने अटलांटिकवर नियमित उडू लागली आणि काही वर्षांतच जहाजाने जाण्याचे कारण उरले नाही. ‘फ्रान्स’ या जहाजाची कथा इथे थोडी सविस्तर सांगायला हवी. १९६२ मध्ये पहिल्या सफरीला निघालेले, त्या काळचे जगातले सर्वांत लांब प्रवासी जहाज. त्यात दोनच वर्ग होते, पहिला आणि टूरिस्ट, आणि ते मजल्यांनुसार एकमेकांवर रचलेले होते. पहिल्या वर्गाच्या ‘शांबोर’ या गोलाकार भोजनगृहात जिन्यावरून उतरत येणे हा एक समारंभच असे. १९७४ मध्ये हे जहाज सेवेतून काढले गेले. १९७९ मध्ये नॉर्वेच्या क्नुट क्लोस्टर यांनी ते विकत घेतले, ‘नॉर्वे’ असे नाव दिले आणि १९८० पासून त्यांच्या नॉर्वेजियन कॅरिबियन लाइनच्या ताफ्यातून ते मायामीहून कॅरिबियनच्या सफरी करू लागले. दोन वर्ग रद्द झाले. बंदिस्त फिरण्याच्या दोन लांब गल्ल्यांना ‘फिफ्थ अव्हेन्यू’ आणि ‘शाँझेलिझे’ अशी रस्त्यांची नावे मिळाली, जणू नगरातला कोणीही नागरिक तिथे फिरू शकतो. केबिन लहान-मोठी होती, भाडे कमी-जास्त होते. पण केबिनबाहेर पडल्यावर जहाज सर्वांचे.

त्या पिढीतल्या क्रूझ कंपन्यांनी हेच विकले. १९७२ मध्ये सुरू झालेल्या कार्निव्हलने आपल्या जहाजांना ‘फन शिप’ म्हटले. कारकुनाला आणि कारखानदाराला एकाच बुफेच्या रांगेत उभे करणारी सुट्टी, हा त्या व्यवसायाचा खरा शोध होता. क्यूनार्डने मात्र जुना संस्कार पूर्णपणे सोडला नाही; ‘क्वीन एलिझाबेथ २’वर केबिनच्या श्रेणीनुसार भोजनगृह ठरण्याची रीत टिकली, आणि तिचे ‘ग्रिल’ आजही आहेत.

नंतर जे घडले त्यात थोडा काव्यगत न्याय आहे, पण उलटा. नॉर्वेजियन कॅरिबियन लाइन पुढे नॉर्वेजियन क्रूझ लाइन झाली. आणि ज्या कंपनीने ‘फ्रान्स’चे दोन वर्ग पुसले होते, तिनेच २००० नंतर ‘हेवन’ नावाचा जहाजातला बंद महाल लोकप्रिय केला. एमएससीने २००८ मध्ये ‘फँटासिया’ जहाजावर ‘यॉट क्लब’ आणला. इतरांनीही आपापली दारे बसवली. कारण हिशेबाचे आहे. काही हजार उतारूंच्या गर्दीत एकांत ही दुर्मिळ वस्तू होते, आणि दुर्मिळ वस्तूला भाव येतो. आधी सर्वांना गर्दीत सामील करायचे, मग गर्दीतून सुटका विकायची.

यात चूक ती काय, असे कोणी विचारील. ज्याला हवे त्याने अधिक पैसे द्यावेत. हे म्हणणे बऱ्याच अंशी खरे आहे, आणि आजच्या दाराची तुलना ‘टायटॅनिक’च्या फाटकाशी करणे हा कांगावा ठरेल. आज होड्यांची जागा वर्गावर ठरत नाही. ‘कोस्टा काँकोर्डिया’च्या २०१२ च्या दुर्घटनेनंतर आंतरराष्ट्रीय नियम अधिक कडक झाले, जहाज निघण्यापूर्वी किंवा निघताक्षणी प्रत्येक उतारूला आणीबाणीत जमण्याची जागा व रीत समजावून द्यावी लागते. यॉट क्लबच्या तलावात चोरून डुंबणारा माणूस जीव वाचवत नाही, फुकटची बैठक मिळवतो आहे. त्याला बंडखोर म्हणणे हा बकलीने पाहिलेल्या त्या माणसाचा अपमान आहे.

परंतु दार कुठे बसवले आहे, हेही पाहावे. हे बंद महाल बहुधा जहाजाच्या पुढच्या, उंच भागात असतात, जिथून समोरचा समुद्र पूर्ण दिसतो. जुन्या काळी पहिल्या वर्गाने सुखसोयी विकत घेतल्या. आज विकला जातो तो देखावा, वारा आणि सावली, म्हणजे एकवर्गीय जहाजांच्या काळात प्रत्येक तिकिटात समाविष्ट असलेल्या गोष्टी. साध्या तिकिटावरच्या उतारूची तक्रार अशी नाही की पलीकडे बटलर आहे. जहाज दरवर्षी मोठे होते आणि त्याला फिरायला मोकळी असलेली पुढची बाजू आखडत जाते, ही त्याची तक्रार आहे; आणि ती रास्त आहे. कंपन्यांनी तिचे उत्तर नकाशात द्यावे, म्हणजे पुढचा एखादा मोठा सज्जा सर्वांसाठी राखून. काही नव्या जहाजांवर असे झालेही आहे. ते न करता फक्त कार्डांचे यंत्र अधिक हुशार करत राहणे म्हणजे कुलूप बदलून फाटक तेच ठेवणे.

आणि घुसखोराची गाठ प्रत्यक्षात कोणाशी पडते? कंपनीच्या संचालकांशी नाही, सुईटमधल्या कोट्यधीशाशीही क्वचितच. त्याची गाठ दारावरच्या कर्मचाऱ्याशी पडते. हे काम करणारे हात फार पूर्वीपासून आपल्या किनाऱ्यावरचे आहेत. पी अँड ओच्या आगबोटींवर डेकवरचे खलाशी कोकणातून आणि गुजरातच्या किनाऱ्यावरून येत. सलूनमधले वाढपी, आचारी, स्टुअर्ड गोव्याचे असत. मुंबईत धोबीतलावच्या परिसरातल्या गावोगावच्या ‘कुडां’मध्ये पुढच्या बोटीची वाट पाहत ते राहत. साहेबाच्या जेवणाच्या टेबलाची घडी ते बिनचूक घालत आणि स्वतः मात्र जहाजाच्या कोंदट टोकाला झोपत. भारतीय खलाशाला युरोपीय खलाशाहून कमी जागा द्यायला कायद्याचीच मुभा होती. आजही क्रूझ जहाजांवर गोव्याची, महाराष्ट्राची, फिलिपिन्सची, इंडोनेशियाची माणसे मोठ्या संख्येने आहेत. उतारूंच्या डेकवर कोणत्या हुद्द्याच्या कर्मचाऱ्याने केव्हा यायचे, याचे नियम उतारूंच्या नियमांहून कितीतरी कडक असतात.

तेव्हा दारावर असे घडते. आठ-नऊ महिन्यांच्या करारावर आलेला एक तरुण, ज्याला त्या तलावाकाठच्या खुर्चीवर सुट्टीच्या तासातही बसता येत नाही, तो हसतमुखाने एका उतारूचे कार्ड मागतो. उतारू चिडतो, कार्ड खोलीत विसरल्याचे सांगतो, तू मला ओळखत नाहीस का असे विचारतो. आत सोडले तर पैसे मोजलेला पाहुणा तक्रार करणार. अडवले तर हा तक्रार करणार. सफरीच्या अखेरीस दोघांच्याही हाती अभिप्रायाचा अर्ज असतो, आणि त्यात नाव लिहिण्याची जागा त्या तरुणासाठी असते.